सतरा नंबरी

दहावीचा निकाल लागला की दोन दिवसांत चौकात फ्लेक्स चढतो. 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा.' वर संस्थापक, मधे अध्यक्ष आणि सचिव, बाजूला हात जोडलेले माजी नगरसेवक, आणि अगदी तळाशी, पासपोर्ट फोटोच्या आकारात, ज्यांनी पेपर लिहिले ती मुलं. परंपरा उज्ज्वल आहे याबद्दल वाद नाही. ती दहावीत घडत नाही, नववीत घडते, एवढंच.

नववीच्या निकालाच्या आसपास काही पालकांना शाळेचं बोलावणं येतं. एरवी पालकांना उभ्याउभ्या वाटेला लावणारे मुख्याध्यापक त्या दिवशी खुर्ची देतात, चहा मागवतात. चहा आला की समजावं, पोरगं चाललं. "हुशार आहे हो तुमचा, पण त्याला शाळेचा ताण होतोय. तुम्ही सतरा नंबर भरा. घरी बसून आरामात दहावी होईल. दाखल्याची काळजी करू नका, तयार ठेवलाय." ज्या दाखल्यासाठी बाकीचे लोक 'क्लार्क रजेवर आहेत', 'सही राहिलीये' ऐकत हेलपाटे घालतात, तो दाखला सहीशिक्क्यानिशी टेबलावर हजर. बाप रिक्षा स्टँडवरून तसाच आलेला, खाकी शर्टात, खुर्चीच्या कडेवर टेकलेला. "तुम्ही म्हणाल तसं, सर." पोरगं बाहेर बाकावर. नववीत तीन विषय गेलेत, म्हणजे दहावीत शाळेचा निकाल अठ्ठ्याण्णववर आणायची ताकद त्या एकट्या पोरात आहे. इतकी ताकद असलेल्या माणसाला कुठलीही संस्था आत ठेवत नाही.

यात कायद्याचाही हातभार आहे. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं. हेतू चांगला होता. पण नापास करायचं नाही याचा अर्थ शिकवायचं नाही असा काही जणांनी सोयीस्कर लावला, आणि भागाकार न येणारी मुलं वाजतगाजत नववीच्या दारात येऊन थडकली. आता पाचवी-आठवीला परीक्षा परत आणल्यात. थडकण्याची जागा बदलेल, बाकी बघू.

तर हा सतरा नंबर. राज्य मंडळाच्या दप्तरी खाजगीरीत्या परीक्षेला बसू इच्छिणाऱ्यांचा नावनोंदणी अर्ज. अटी मोठ्या उदार आहेत. किमान पाचवी पास हवं, चौदा वर्षं पूर्ण हवीत. वयाला वरची मर्यादा नाही. अर्ज ऑनलाइन भरा, शुल्क भरा, मग कागद घेऊन तुम्हाला मिळालेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत जा. तीच शाळा तुमच्या तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिकं घेते, तिथूनच हॉल तिकीट मिळतं. वर्ग नाही, तास नाही, फळा नाही. गुरू एकच, तो म्हणजे नवनीत. परीक्षा तीच, पेपर तोच, पस्तीसची रेघ तीच, गुणपत्रिकाही त्याच मंडळाची. कागदावर बघाल तर याच्याइतकी समतावादी योजना महाराष्ट्रात दुसरी नसेल.

आणि सतरा नंबर भरणारा प्रत्येकजण बिचारा असतो असंही नाही. 'सैराट' आला २०१६ मध्ये. रिंकू राजगुरूला त्यानंतर शाळेत जाऊन बसणं गर्दीमुळे शक्य राहिलं नाही, तेव्हा तिने हाच सतरा नंबरचा अर्ज भरून २०१७ साली दहावी दिली आणि ६६.४० टक्के मिळवले. निकालाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिचे टक्के उभ्या महाराष्ट्राला पाठ झाले होते. स्वतःच्या पुतण्याचे किती हे न सांगता येणारे काकाही दशांश चिन्हासकट तिचे सांगत होते. तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही. 'बाहेरून दिली ना?' असं विचारलं नाही. तो प्रश्न राखीव आहे कॅन्टीनमधल्या पोरासाठी, भांडी घासणाऱ्या ताईंसाठी आणि तालुक्याच्या गावात शिवणकाम करणाऱ्या सुनेसाठी.

त्या सुनेची खरी परीक्षा मार्चमध्ये नसते, अर्ज भरतानाच असते, आणि तिच्यासाठी '२१ अपेक्षित' निघत नाही.

एका संपर्क केंद्राच्या खिडकीशी मी हे बघितलंय. बाई चौतिशीतल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पिशवी, त्यात चौघडी घातलेला कागद. शाळा सोडल्याचा दाखला. मंडळाला मूळ दाखला लागतो. नसेल तर दुय्यम प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. यांचा दाखला मिळवण्याची कथाच वेगळी. गावची जिल्हा परिषदेची शाळा आता नाही. दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेच्यावर शाळा बंद करून मुलं शेजारच्या शाळेत हलवायचं सरकारने २०१७ च्या अखेरीस ठरवलं होतं, आणि पट कमी म्हणून यांच्याही शाळेचं दार पुढे बंद झालं. मुलं हलली, जनरल रजिस्टर कुठे हललं ते कुणाला ठाऊक नाही. तीन गावं पालथी घातल्यावर एका शाळेच्या कपाटात, जुन्या नकाशांच्या मागे, कसर लागलेलं ते सापडलं. पान शाबूत होतं. नशीब म्हणायचं.

दाखल्यावर जन्मतारीख १ जून. हे वाचून क्लार्कनेही मान वर केली नाही. महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीतल्या अर्ध्या लोकांचा जन्म १ जूनला झालाय. गुरुजी पटनोंदणीला घरोघर फिरायचे, आईला विचारायचे, आई सांगायची, "आखाडात झाला, लई पाऊस होता," आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे, म्हणजे जूनमध्ये पोर बरोब्बर सहा वर्षांचं. त्या दिवशी व्हॉट्सॲपवर अख्ख्या गावाचे केक कापून होतात. तेव्हा तारखेवर कुणाचा आक्षेप नव्हता.

आक्षेप नावावर होता. दाखल्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव मधे. आधारवर सासरचं नाव, नवऱ्याचं मधे, आणि पहिल्या नावातही एक वेलांटी इकडची तिकडे.

"ही तुम्हीच कशावरून?" क्लार्कने विचारलं. वाईट हेतूने नाही. त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं.

"मीच हाय की साहेब."

"तसं नाही चालत ताई. विवाह नोंदणी आहे?"

नव्हती. बाईंनी पिशवीतल्या पिशवीतून आणखी एक कागद काढला. पिवळा पडलेला, वर गणपती, कोपऱ्यात हळदीचा डाग. "पत्रिका चाललं का? दोन्ही नावं हायत बघा."

लग्नपत्रिकेवर दोन्ही नावं होती, दोन्ही गावं होती, आग्रहाचं निमंत्रण होतं आणि 'आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं' असंही होतं. पुरावा म्हणून याहून भक्कम काय असतं? पाचशे माणसं साक्षीला जेवून गेली. क्लार्कने पत्रिका दोन्ही बाजूंनी बघितली, आदराने परत केली आणि सांगितलं, "राजपत्रात नाव बदलून आणा, नाहीतर माहेरच्या नावाची ओळखपत्रं काढा. मुदत संपत आलीय हं. पुढे विलंब शुल्क आहे."

शेवटी कुणाच्या तरी ओळखीने प्रतिज्ञापत्रावर भागलं. पण जरा विचार करा. ज्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं, त्यांच्याकडूनच अर्धवट शिक्षणाचा पूर्ण पुरावा मागायचा. घरचं शिकलेलं असेल तिथे कागद फाइलमध्ये लावलेले असतात, लॅमिनेट केलेले असतात. इथे घर पुरात गेलं, झोपडी पाडली, सासूने चुलीत घातलं, असल्या कारणांनी कागद जातात. बीजगणितात 'क्ष' सापडत नसेल तर क्लास लावता येतो. रजिस्टर सापडत नसेल तर काय लावणार?

आता कुणी म्हणेल, इतका आटापिटा कशाला? या वयात दहावी करून कुठे कलेक्टर व्हायचंय?

कलेक्टर नको हो, पासपोर्ट हवाय. रत्नागिरीच्या, रायगडच्या किती घरांत आखाताचा पैसा येतो हे काही गुपित नाही. दहावी पास नसलेला सामान्य कामगार निघाला की त्याचा पासपोर्ट उत्प्रवासन तपासणीच्या यादीत जातो. आखातातल्या देशांसह अठरा देशांत कामाला जायचं तर आधी सरकारी मंजुरी. दहावीचं प्रमाणपत्र दाखवलं की ही तपासणी गळते. दलालांनी अडाण्याला फसवू नये म्हणून हा नियम, आणि तो उगाच नाही. पण दहावी झालेल्याला दलाल फसवत नाहीत ही सरकारची श्रद्धा मला फार गोड वाटते. भूमितीतलं प्रमेय सिद्ध करणारा माणूस करारपत्राच्या बारीक टायपातली मेख ओळखतो, असं बहुधा गृहीत असावं.

किंवा नोकरी घ्या. पोलीस पाटील व्हायचं, दहावी. किती ठिकाणी शिपाई व्हायचं, दहावी. मालवाहू गाडीचा परवाना काढायला आठवी लागायची. १९८९ च्या मोटार वाहन नियमातली ती अट २०१९ मध्ये काढली, म्हणजे घाटात हँडब्रेक मारायला इतिहास-भूगोल लागत नाही हे कळायला बरीच वर्षं गेली. गावचा सरपंच व्हायचं असेल आणि तुमचा जन्म १९९५ किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी पास हवं. आमदार व्हायला? काही नाही. खासदार? काही नाही. आणि नसावंही, माझं मत तेच आहे, मतदाराने निवडला तो माणूस पुरे. पण मग सरपंचानेच काय घोडं मारलंय? गावाच्या नळपाणी योजनेला सातवी लागते आणि राज्याच्या अर्थसंकल्पाला काहीच नाही, हा हिशोब एकदा कुणीतरी फळ्यावर मांडून दाखवावा.

अटी वाढतात त्या कामाच्या गरजेने वाढतात असंही नाही. अर्जदार जास्त झाले की वाढतात. उत्तर प्रदेशात २०१५ साली शिपायाच्या ३६८ जागांसाठी २३ लाख अर्ज आले, त्यात अडीचशेच्यावर पीएच.डी. होते. अट होती पाचवी पास आणि सायकल येणे. गठ्ठा एवढा मोठा झाला की त्याला चाळणी लागते, आणि सगळ्यात स्वस्त चाळणी म्हणजे शिक्षणाची अट. चाळणीतून कोण खाली पडतं ते सांगायला नको.

पडलेल्यांसाठी आपल्याकडे रात्रशाळा आहेत. त्यांचा वारसा तर असा आहे की भाषणात हमखास टाळ्या मिळाव्यात. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये स्वतःच्या घरात शेतकऱ्या-कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली. पुढे मुंबईत गिरण्यांच्या भोंग्यावर रात्रशाळा चालल्या. तीनपाळीचा मजूर पहिली पाळी करून संध्याकाळी पाटी घेऊन बसायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्या जागी मॉल आले, आणि रात्रशाळेच्या बाकावर गिरणी कामगाराऐवजी मॉलमधला हाउसकीपिंगचा मुलगा आला. पार्सल पोचवणारा आला, झेरॉक्सच्या दुकानातला आला, दिवसभर चार घरची कामं उरकून ताई आली.

रात्रशाळेत कधी संध्याकाळी साडेसातला जाऊन बघा. इमारत दिवसाच्या शाळेची, बाक दिवसाच्या शाळेचे, सातवीच्या पोरांच्या मापाचे. सव्वीस वर्षांचा माणूस त्यात गुडघे तिरके करून बसतो. संगणक कक्षाला कुलूप. प्रयोगशाळेला कुलूप. भिंतीवर दिवसाच्या मुलांचे तक्ते, त्यावर चिठ्ठी: 'रात्रशाळेच्या विद्यार्थ्यांनी हात लावू नये.' मागच्या बाकावर एकाच्या नखांत ग्रीस आहे, तो लिहिताना वहीखाली रुमाल धरतो, पान काळं होऊ नये म्हणून. पुढच्या बाकावर एकीचा फोन थरथरतो, मॅडमचा मेसेज: उद्या पाहुणे येणारेत, सहाला ये. भुकेची वेळ आणि इंग्रजीच्या तासाची वेळ एकच. 'पॅसिव्ह व्हॉइस' चालू असतो. कर्ता शेवटी जातो किंवा दिसेनासाच होतो, हे या वर्गाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शासनाचं लक्ष नाही असं म्हणवत नाही. अधूनमधून असतं. मे २०१७ मध्ये असं लक्ष गेलं आणि दिवसा दुसऱ्या शाळेत नोकरी करणारे शिक्षक रात्रशाळेत दुबार नोकरी करतात हा अन्याय सरकारच्या ध्यानात आला. अशा शिक्षकांना एका शासन निर्णयाने मोकळं करण्यात आलं. कारण ऐकायला रास्त होतं: बेरोजगार शिक्षकांना संधी. पण जून उजाडला तेव्हा कितीतरी रात्रशाळांत मुलं दुबार काम करून वेळेवर हजर होती आणि शिक्षक नव्हते. पुढे तो निर्णय फिरवलाही. मधल्या काळातल्या दहावीच्या बॅचचं काय झालं हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

ज्यांना रात्रही मोकळी नाही त्यांच्यासाठी मुक्त विद्यालय आहे. केंद्राचं १९८९ पासून आहे. लोक त्याला एनआयओएस म्हणतात. सोय उत्तम. वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी, आज दोन विषय द्या, उरलेले पुढे द्या, पास झालात ते जमा. राज्यानेही २०१७ मध्ये स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ काढायचं ठरवलं. तिथे पंधरा वर्षं पूर्ण झालेल्याला दहावीला बसता येतं. हे प्रमाणपत्र नियमित दहावीच्या बरोबरीचं असं सरकार सांगतं. सरकार सांगतं ते सरकारच्याच खिडकीला मात्र ऐकू जात नाही. तिथे विचारतात, "हे मुक्तचं? मग समकक्षतेचं पत्र आणा." पत्र आणलं की, "हे पत्र खरं आहे असं पत्र आणा."

यातली खरी गंमत मुंबईत दिसते. पवईच्या टॉवरमधला मुलगा बुद्धिबळ खेळतो, शाळेत वेळ जातो, म्हणून आईबाप त्याला काढून मुक्त विद्यालयातून दहावीला बसवतात. त्याला होमस्कूलिंग म्हणतात. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान मुलाखत येते, आई सांगते, "आम्ही त्याला चौकटीत अडकवलं नाही." धारावीतला मुलगा त्याच मंडळाचा, तोच पेपर त्याच दिवशी देतो. त्यालाही कुणी चौकटीत अडकवलं नव्हतं. नववीतच काढलं होतं.

आणि सरळ रस्ता एवढा कागदांनी भरला की आडरस्त्यावर दुकानं थाटली जातातच. लोकलच्या डब्यात दाराच्या वर चिकटवलेला कागद तुम्ही वाचला असेल. 'दहावी-बारावी नापास? चिंता सोडा! वर्ष वाचवा! १०० टक्के हमी!' खाली मोबाइल नंबर, ज्यातले शेवटचे दोन आकडे कुणीतरी नखाने खरवडलेले. हमी खरीच असते. हजारो रुपये मोजले की सुंदर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र येतं, नव्वदच्या आसपास टक्के येतात, फक्त ते देणारं मंडळ पृथ्वीतलावर नसतं. हे कळतं ते नोकरीच्या पडताळणीत. गुन्हा दाखल होतो तो ज्याने ते दाखवलं त्याच्यावर; नंबरवाला तोवर नंबर बदलतो.

जरा बाहेर डोकावू. अमेरिकेत शाळा अर्धवट राहिलेल्यांसाठी जीईडी नावाची परीक्षा आहे. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, शाळा सोडून सैन्यात गेलेल्या पोरांसाठी ती बनवली. १९४७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ती नागरिकांनाही खुली केली. तिथली एक पद्धत मला फार आवडते. उत्तीर्णतेची रेघ ठरवायला ते ही परीक्षा आधी नियमित शाळेतून पास होऊन निघालेल्या मुलांना देतात. २००२ च्या आवृत्तीत ही रेघ अशा उंचीवर होती की त्या नियमित मुलांतली दहापैकी चार ती ओलांडू शकली नसती. म्हणजे बाहेरून देणाऱ्याला आत बसलेल्या चौघांपेक्षा जास्त यावं लागतं, तेव्हा कुठे तो 'समकक्ष'.

तरी तिथेही कटकट आहे. जेम्स हेकमन या नोबेल मिळालेल्या अर्थतज्ज्ञाने दाखवलं की जीईडीवाल्यांची पुढची कमाई नियमित शाळा पूर्ण केलेल्यांपेक्षा शाळा सोडलेल्यांच्याच जवळ जाते. अक्कल कमी पडत नाही, तो म्हणतो. शाळेत रोज जाण्याने जी चिकाटी, जो वक्तशीरपणा येतो तो एका परीक्षेने येत नाही. असेल अमेरिकेत. हेकमनसाहेबांना एकदा परळच्या रात्रशाळेत आणावं. सहाला पाणी भरून, आठला कामावर, सातला शाळेत, अकराला घरी, आणि बाराला गणित. चिकाटी मोजायला त्यांना नवी पट्टी मागवावी लागेल.

आपल्या मंडळाने ही अमेरिकन पद्धत आणायला माझी हरकत नाही. आपण नियमितवाले एकदा बसूया. चाळीस वर्षांचे, बँकेतले, बिल्डिंगच्या सेक्रेटरीपदावरचे, सुनेचं शिक्षण विचारणारे. पेपर एकच, बीजगणित. वर्गसमीकरण सोडवा. किती जण पस्तिशी गाठतात ते बघू आणि त्यावर रेघ ठरवू. २०२१ ची बॅच तर हक्काने बसवावी. त्या साली कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या पोरांचा त्यात काडीचा दोष नाही. पण एकही पेपर न लिहिता 'रेग्युलर' आणि सगळेच्या सगळे लिहून 'बाहेरून', हे गणित मला तरी सुटत नाही.

आपल्या लग्नपत्रिकावाल्या ताईंचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. त्या मार्चमध्ये परीक्षेला बसल्या. पहिल्याच दिवशी केंद्राच्या फाटकावर होमगार्डने अडवलं: "पालकांनी बाहेर थांबायचं." त्यांनी हॉल तिकीट पुढे केलं. त्याने फोटो बघितला, त्यांच्याकडे बघितलं, परत फोटो बघितला, आणि "जा मावशी" म्हणून स्वतःच दार धरलं. वर्गात शेजारच्या बाकावरच्या पोराने त्यांना बारकोडचं स्टिकर कुठे लावायचं ते दाखवलं. त्यांनी त्याला, भरारी पथक आलं तेव्हा पट्टीमागची चिठ्ठी गिळायच्या आत टाकून दे म्हणून डोळ्यांनी सांगितलं. विज्ञानाच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, आम्लाची दोन उदाहरणं द्या. "चिंच आन् लिंबू. आन् तुमचं ते हायड्रोक्लोरिक, न्हाणीघर धुवायचं." पैकीच्या पैकी.

पास झाल्या. सत्तेचाळीस टक्के. गुणपत्रिका माहेरच्या नावाने आली, म्हणून वडिलांनी गावात पेढे वाटले आणि सासऱ्यांनी हिने नाव बदललं की काय म्हणून दोन दिवस तोंड फिरवलं.

हे सगळं त्यांनी केलं ते वाडीच्या अंगणवाडीत लागावं म्हणून. मदतनीस व्हायला पूर्वी सातवी पुरायची, सेविकेला दहावी. यांच्याकडे दहावी आली तोवर सरकारने दोघींनाही बारावी सक्तीची केलेली होती, २०२३ पासून. जाहिरात वाचून त्या पुन्हा त्याच खिडकीशी गेल्या. क्लार्क ओळखीचे झालेले. त्यांनी खुर्ची दिली. बारावीलाही अर्ज सतरा नंबरचाच, फक्त दहावी झाल्यावर दोन वर्षं जावी लागतात. म्हणजे छत्तिसाव्या वर्षी परीक्षा. अंगणवाडीची वयोमर्यादा पस्तीस.

"विधवेला चाळीस आहे," क्लार्क माहिती म्हणून म्हणाले.

ताईंनी थोडा विचार केला. "नको," म्हणाल्या. "तेवढं नको. बारावीचा फारम द्या."

"ऑनलाइन भरायचा ताई. आणि मूळ दाखला लागेल."

"तो तर तुमच्याकडंच जमा हाय की."

"हो, पण तो दहावीचा."